निरंक अहवाल

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे कधीच ऐकू येत नाही. त्याची साक्ष दुसऱ्यानेच द्यावी लागते. आमच्या घरी ती एके दिवशी निराळ्याच शब्दांत झाली. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही घोरता तोवर मी निर्धास्त असते. मधेच थांबता ना, तेव्हा उठून बसते."

या थांबण्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात असे सांगून येथील डॉक्टरांनी दोन मार्ग पुढे ठेवले : यंत्र नेऊन घरच्याच अंथरुणावर निजावे, किंवा रुग्णालयाच्या निद्रा-प्रयोगशाळेत एक रात्र काढावी. ज्याची निम्मी नोकरी विश्रामगृहांत गेली, त्याला परक्या खोलीतली पहिली रात्र कशी जाते हे ठाऊक असते. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार नसल्याने मला घरचा मार्ग मोकळा होता. मी तोच पत्करला.

नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. आठ तासांत श्वासाला ३६ व्यत्यय, म्हणजे ताशी साडेचार. पाचाच्या आत सारे क्षम्य. अहवाल निरंक!

कचेरीत निरंक अहवाल आला की प्रकरण बंद होते. डॉक्टरांनी मात्र ते उघडे ठेवले. या यंत्राला श्वास कळतो, झोप कळत नाही. त्याच्या तारा मस्तकाला नसतात. मी निम्मी रात्र जागा होतो, तेही तास त्याने भाजकात धरले. शिवाय श्वास उथळ होऊन क्षणभर जाग येते, ती मेंदूच्या लहरींवाचून दिसत नाही.

प्रयोगशाळेत त्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचे व पायांचे स्नायू, हृदयाचे ठोके, सारे टिपले गेले. झोप बेताचीच लागली. पण किती लागली हे तरी कळले. आकडा निघाला ताशी १७. पंधरापासून पुढे विकार मध्यम समजतात. आता मी हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारा मुखवटा लावून निजतो. हा उपचार सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला.

घरची चाचणी खोटी, असे मी म्हणणार नाही. ठळक विकार ती कमी खर्चात, घरच्या घरी पकडते. तिचा होकार मानावा. लक्षणे असताना आलेला नकार मात्र प्रयोगशाळेत पारखून घ्यावा.

काळजी वाटते ती आपल्यातल्या एकट्यांची. मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड पुण्याला वा नागपूरला ठेवून कित्येक जण बदलीच्या गावी राहतात. त्यांच्या रात्रीची खबर कोणालाच नसते. सकाळचे जड डोके, टिप्पणी लिहिता लिहिता लागणारी डुलकी, गाडी चालविताना मिटणारे डोळे, एवढ्याच काय त्या खुणा. त्या कामाच्या श्रमांवर ढकलू नयेत, डॉक्टरांना सांगाव्यात.