डळमळलेला विचार, पालटलेला विचार

लंडनच्या ईशान्येस, वॉल्थमस्टो भागात, ज्या वृद्ध बाईंचे घर घेण्याचे आम्ही निश्चित केले होते, त्यांना ‘सेकंड थॉट्स’ येत आहेत असे दलालाने एका सकाळी कळवले. आणि दुसरा विचार आला म्हणजे पहिला रद्द झाला, असा हिशेब मांडून मी त्याच सायंकाळी आमची मागणी परत घेतली. आपल्याकडे विसारपावती झाली की बोलणे निदान कागदावर तरी येते. इंग्लंडात मात्र, ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ या मजकुराच्या आश्रयाने, उभयपक्षी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा वा घेणारा कोणीच कायद्याने बांधलेला नसतो, आणि त्या मधल्या आठवड्यांत निर्णय बदलण्याच्या जितक्या तऱ्हा तितके शब्दप्रयोग कानी पडतात.

बाईंनी निर्णय बदललाच नव्हता. ‘हॅविंग सेकंड थॉट्स’ म्हणजे मन डळमळते आहे, निर्णय अद्याप जागेवर आहे. तेच शब्द ‘ऑन सेकंड थॉट्स’ म्हणून वाक्यारंभी आले (अमेरिकेत त्यातले अनेकवचनही गळते), की बोलता बोलताच निर्णय फिरलेला असतो. एवढ्याशा फरकावर एखाद्याचे घर अवलंबून असावे, हे मी शाळेत इंग्रजी शिकताना कधी मनात आणले नव्हते.

‘चेंज ऑफ हार्ट’चे भाषांतर ‘हृदयपरिवर्तन’ करण्याचा मोह मला आवरावा लागतो, कारण त्या मराठी शब्दामागे गांधीयुगाचे नैतिक तेज आहे, आणि येथे जुना पियानो विकण्याचा बेत मोडला तरी हा प्रयोग चालतो. ‘यू-टर्न’ला मात्र आपला कवायतीतला ‘घूमजाव’ तंतोतंत जुळतो. दोन्ही शब्द राज्यकर्त्यांना झोंबतात, आणि 1980 साली ब्रायटनच्या पक्षपरिषदेत मार्गारेट थॅचर यांनी आपण वळणार नाही हे क्रिस्टोफर फ्रायच्या नाटकाच्या नावावर श्लेष साधून बजावले, ते याच आरोपाच्या धास्तीने.

आमच्या माघारीनंतर बाईंनी दलालाकरवी विचारले, की आम्हाला ‘कोल्ड फीट’ तर झाले नाहीत ना? कच खाल्ल्याचा तो संशय मला इतका लागला की मी स्वतः त्यांच्या दारी गेलो. त्यांनी मला मागच्या खोलीत नेले, पतीने लावलेले नासपतीचे झाड दाखवले, आणि भीतीचा वा वचनभंगाचा लवलेशही ज्यात नाही अशा सर्वांत साध्या शब्दांत विचारले, की तुमचे ‘माइंड’ बदलले होते का?

नाही, मी म्हणालो. मला तुमचा शब्द कळला नव्हता.