तार आणि अंगठा

आमच्या काळच्या काळ्या सायकलीला तार म्हणून नव्हतीच. ब्रेक असे तो लोखंडी दांड्यांचा, आणि गिअर म्हणाल तर आपले दोन पाय! त्यामुळे साठी उलटल्यावर गिअरची सायकल घरात आली, तेव्हा हँडलपासून मागच्या चाकापर्यंत सापासारख्या गेलेल्या तिच्या नळ्यांकडे मी जरा संशयानेच पाहिले. आणि सायकलही कसली, तर माउंटन बाइक! कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात काही हौशी मंडळींनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळल्या, त्यातून हा अवतार प्रकटला. गोंदियाला खेटून असलेल्या आमच्या फुलचुरात डोंगर औषधालाही नाही. पण पावसाळ्यात बांध्यांकडे जाणारी एखादी पांदण पाहा! रोवणीच्या दिवसांत तिथला चिखल जे करतो, ते डोंगराला जमायचे नाही. आणि चिखल वाळला की धूळ. धान निघाले की तुसाची बारीक भुकटी. ही भुकटी कुठे शिरत नाही, हे राइस मिलच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला विचारावे.

ती तारेच्या नळीतही शिरते, आणि तिथूनच माझ्या अंगठ्याची कथा सुरू होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे, असे डॉक्टर म्हणतात. चढाला गिअर हलका करायचा तर नेमका हाच अंगठा खटक्यावर टेकवून तार ओढावी लागते. नवी तार लोण्यातून जावी तशी जाते. श्रावण सरता सरता ती अशी अडते, की जणू विहिरीतून भरली घागर ओढतो आहोत. गेल्या वर्षी दोनतीनदा खटका दाबवेना म्हणून मी सायकल हातात धरून घरी आलो. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि सायकल विकण्याची गोष्ट अगदी सहज, भाजी निवडता निवडता काढली. भाजी निवडताना काढलेल्या गोष्टी आमच्या घरात सहसा तडीस जातात. तेव्हा काही उपाय करणे भागच होते.

नळीतून ओढायच्या या तारेला बाउडेनचे नाव आहे. त्या इंग्रजी पेटंटचे साल १८९६. ब्रेकच्या नळीत पोलादाची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते; गिअरच्या नळीत मात्र बारीक तारा लांबीने शेजारी शेजारी उभ्या असतात, म्हणजे ओढ लागली तरी ती आखडत नाही. एकीची दुसरीला लावू नये. गिअरची नळी ब्रेकला लावली तर ऐन वेळी फाटायची भीती. शिमानोने १९८४ मध्ये खटक्यासरशी नेमका गिअर पडण्याची सोय आणली, तेव्हापासून तर तारेवरची जबाबदारी फारच वाढली. आठ चकत्यांच्या सायकलीत एका खटक्याला तार सरकते ती तीन मिलिमीटरहूनही थोडी कमी. एवढ्याशा चालीत कणभर गाळ आडवा आला, की साखळी दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते.

आता उपाय. एक तर साधी स्टेनलेस तार घालावी आणि दरवर्षी बदलावी. दुसरा, बंदिस्त तारेचा: खटक्यापासून मागच्या यंत्रापर्यंत नळी अखंड, आत गुळगुळीत अस्तर, दोन्ही टोकांना रबरी ओठांच्या टोप्या. किंमत साध्या तारेच्या कितीतरी पट. बिनतारी गिअरही निघाले आहेत; पण सायकलीला रात्री चार्जिंगला लावायचे हे माझ्या मनाला पटत नाही.

आमचे मिस्त्री पहिल्या पक्षाचे. "गुरुजी, नळी बंद केली, अन् तरी पानी आत गेलं, मंग बाहेर कुठून येईल?" त्यांचा प्रश्न बिनतोड होता. साध्या रचनेत नळी मध्ये मध्ये तुटलेली असते. मोठ्या चकतीवर साखळी चढवावी, पायडल न फिरवता खटके सोडावेत, की तार सैल पडते; नळी खाचेतून काढून तार फडक्याने पुसता येते. दोन मिनिटांचे काम. बंदिस्त तारेत पुसण्याची ही सोयच उरत नाही. शिवाय, दरवर्षी तार बदलायला त्यांच्याकडे गेले की चहा होतो, कुठल्या गावच्या मंडईत यंदा कोणते नाटक आहे ते कळते. हे नुकसान किमतीत धरायचे की नाही?

पण पुसायची ती तार पांदणीच्या मधोमध, पावसात, आणि पुसणार कोण, तर हाच अंगठा! मी बंदिस्त तारेच्या बाजूने कौल दिला. मिस्त्रींनी तक्रार न करता ती बसवली. चौकटीवरच्या खाचांत अखंड नळी मावेना, तेव्हा त्यांनी ती शेजारून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळली. टोके कापल्यावर नळीचे चेपलेले तोंड सुईने गोल केले. आणि आत तेलाचा थेंबही घातला नाही, कारण तेल धुळीला आमंत्रण देते. मागच्या यंत्रापाशी नळीला जो वळसा पडतो, सगळा गाळ साठतो तो तिथेच. "एवढं दरसाल पाहू," ते म्हणाले, आणि मी लगेच हो म्हटले.

यंदाची रोवणी, श्रावण, भादवा, तिन्ही पार पडले. अंगठा दुखतो तो पहाटे, थंडीने, खटक्याने नव्हे. भाजी निवडताना आता फ्रिज बदलण्याची गोष्ट निघते. वळसा पाहायला मी परवा मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी टोपी काढली, नळीत डोकावले, "कोरडी हाय" एवढेच म्हणाले, आणि चहा सांगितला.