नुसतं ‘सर्व्हर डाउन’ म्हणू नका

14 जून
पॅकेट ट्रेसर उतरवून घेतलं. सिस्कोचा हा सरावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. खरा राऊटर घेणं परवडत नसलं तरी फुलचूरला घरी बसून हात बसेपर्यंत कमांड लिहिता येतात. काळ्या खिडकीत ‘राऊटर’ आणि पुढे > एवढंच. या मोडमध्ये थोडंफार बघता येतं, बदलता काहीच येत नाही. ‘एनेबल’ लिहिलं की > जाऊन # येतं. मग ‘कॉन्फिगर टर्मिनल’, तिथून एखाद्या इंटरफेसमध्ये, म्हणजे केबल जोडतात त्या तोंडाच्या सेटिंगमध्ये. दर पायरीला प्रॉम्प्ट बदलतो, म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे ओळीच्या सुरुवातीलाच वाचता येतं. ‘एक्झिट’ने एक पायरी मागे, कंट्रोल-झेडने थेट # वर.

15 जून
प्रश्नचिन्ह दाबलं की त्या मोडमध्ये चालणाऱ्या सगळ्या कमांड समोर येतात. टॅब दाबलं की अर्धा शब्द पुरा होतो. पाठांतराची गरजच नाही.

19 जून
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रावर गेले. दहावी-बारावीच्या पोरांची रांग बाहेर उन्हात. आतून एकच उत्तर, सर्व्हर डाउन आहे. पुढचे काका म्हणाले, “पोरी, पऱ्हे टाकायचे सोडून आलो, आता पुन्हा यायचं का?” काय डाउन आहे, कुठे, हे कुणालाच सांगता येईना. हे मला फार लागलं. माणसाचा दिवस जातो आणि कारणसुद्धा कळत नाही.

20 जून
आज एकाच कमांडवर बसले, ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे, स्टेटस आणि प्रोटोकॉल. स्टेटसमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असेल तर तो इंटरफेस कमांडनेच बंद ठेवलेला असतो. सिस्कोच्या राऊटरवर इंटरफेस मुळातच बंद येतात, ‘नो शटडाउन’ दिल्याशिवाय उघडत नाहीत. दोन्हीकडे नुसतं ‘डाउन’ असेल तर केबल निघालेली, तुटलेली, किंवा पलीकडचं टोक बंद. पहिलं ‘अप’ आणि दुसरं ‘डाउन’ हे सीरियल लिंकवर दिसलं: तार ठीक, पण दोन्ही टोकांची बोलायची पद्धत जुळत नाही. एका टोकाला एचडीएलसी, दुसऱ्याला पीपीपी लावून मुद्दाम करून पाहिलं. तसंच झालं. तिन्ही बिघाडांवर उपाय वेगळे, आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात.

24 जून
आज ‘पिंग’, समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची कमांड. पाच पॅकेट जातात. उत्तर आलं तर उद्गारचिन्ह, नाही आलं तर टिंब. पहिल्यांदा .!!!! असं आलं. पहिलं टिंब म्हणजे बिघाड नव्हे. समोरच्याचा मॅक पत्ता एआरपीने शोधेपर्यंत पहिलं पॅकेट वाया जातं. पुन्हा पिंग केलं, पाचही उद्गारचिन्हं.

1 जुलै
संध्याकाळपासून पाऊस, लाइट दोनदा गेली. त्यावरून आठवलं म्हणून रनिंग-कॉन्फिग नीट वाचलं. आपण लिहितो ते सगळं रॅममध्ये असतं. वीज गेली की पुसलं. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ दिलं तरच ते एनव्हीरॅममध्ये उतरतं. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो अशा आमच्या भागात ही कमांड सगळ्यात आधी शिकवायला हवी.

4 जुलै
दाखला घ्यायला पुन्हा गेले. परत तेच, सर्व्हर डाउन. केंद्रचालक दादांना विचारून टेबलाखालचा फायबरचा डबा पाहिला. त्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल होता. तो लाल असला की फायबरमधून प्रकाशच पोचत नसतो; सर्व्हरचा त्यात संबंध नाही. दादांना म्हटलं, तक्रार देताना हा दिवा लाल आहे एवढंच सांगा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावून तसंच सांगितलं, आणि पलीकडच्याने पहिल्यांदाच पत्ता आणि कनेक्शन नंबर लिहून घेतला.