किती पावसाळे?

गुंजवण्याला माणसं येतात ती राजगडासाठी. पहाटे गाडी लावायची, चहा घ्यायचा, चोर दरवाज्याची वाट धरायची आणि उन्हं कलताना उतरून परतीला लागायचं. मला या गावाची ओढ लागली ती मात्र इथल्या जुन्या तांदळामुळे. हा गुंजण मावळ, धो धो पावसाचा मुलूख. आषाढात खाचरं लावून होतात, दिवाळीच्या आगेमागे कापणी येते आणि झोडून वाळवलेलं भात टरफलासकट कणगीत जाऊन बसतं.

कणगी जवळून बघावी. बांबूच्या कांबींची विणलेली, कमरेहून उंच, शेणामातीनं लिंपलेली. चुलीची ऊब आणि धूर पोचेल अशा बेतानं ती ठेवतात, म्हणजे किडा लागत नाही. भात आत टाकण्याआधी घरातली जाणती बाई चार दाणे तळहातावर चोळते, फुंकर मारून तूस उडवते आणि एक दाणा दाताखाली धरते. कट्‌कन तुटला तर भात वाळलं. नुसताच दबला तर त्याला आणखी दोन उन्हं दाखवायची. नवा तांदूळ इतका गोड लागतो, मग जुन्याचं एवढं कौतुक कशाला, असं मी अशाच एका आजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नव्याला पानी झेपत न्हाय. जुना मागून मागून पितो."

रसायनशास्त्राला याहून वेगळं काही सांगायचं नाही, ते फक्त आतलं दाखवतं. महिनोन्‌महिने नुसत्या पडून राहिलेल्या दाण्यात प्रथिनांचे बंध घट्ट होतात, स्निग्धांश फुटून सुटी झालेली आम्लं पिठूळ भागाशी जुळतात, पेशींच्या भिंती चिवट होतात. म्हणून जुना तांदूळ जास्त पाणी घेऊनही फुटत नाही, फुलतो आणि मोकळा राहतो. आयुर्वेदानं वर्षाचं जुनं धान्य पचायला हलकं मानलं. आजाऱ्याच्या पेजेला घरोघर जुनाच तांदूळ काढतात.

ठेवून दिलेल्या वस्तू अशा आतून कशा बदलतात, हे वाचण्याचा नाद मला या कणगीपाशी लागला. तो पुस्तकापुस्तकांतून थेट अमेरिकेतल्या केंटकीपर्यंत घेऊन गेला, बर्बनच्या गोदामांपर्यंत. बर्बन म्हणजे निदान ५१ टक्के मका असलेल्या धान्याची दारू. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं ठराव करून ती आपल्या देशाची खास वस्तू ठरवली. भट्टीतून उतरते तेव्हा ती पाण्यासारखी स्वच्छ असते, चवीला उग्र. रंग, गोडवा, वास हे सगळं मुख्यतः पिंप देतं. कायद्यानं ते पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं असावं लागतं. त्यात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

हे पिंप फार हुशारीनं केलेलं असतं. पांढऱ्या ओकच्या फळ्या वाफेनं किंवा आगीच्या धगीनं वाकवतात आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. आत खिळा नाही, सरस नाही. या ओकच्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजलेल्या असतात, म्हणून साधारण २०० लिटर दारू वर्षानुवर्षं राहूनही पिंप गळत नाही. मग आतून जाळ देतात. वरचा थर कोळसा होतो आणि तो गंधकाचा वास शोषून घेतो. त्याच्या खालचा थर जळत नाही, नुसता भाजला जातो. तिथं लाकडातल्या साखरेचा तांबूस पाक होतो, तर लाकडाला बांधून ठेवणारं लिग्निन फुटून त्यातून व्हॅनिलाचा वास निघतो. राब भाजणाऱ्या आपल्या मावळ्याला जाळून जमीन तयार करण्याचं हे शास्त्र परकं वाटणार नाही.

उन्हाळ्यात दारू फुगते आणि कोळशाखालच्या लाकडात शिरते, थंडीत आकसून परत येते. प्रत्येक फेरीत थोडा रंग, थोडी गोडी घेऊन येते. जुन्या पिंपाची फळी आडवी कापली तर आधी काळा थर, मग भाजलेला पट्टा आणि त्याच्याही पलीकडे एक बारीक रेघ दिसते. दारू तिथवर जाऊन आली होती. ती रेघ मी फक्त छायाचित्रात पाहिली आहे आणि बराच वेळ तिच्यावरून नजर हलली नाही.

बर्बनच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मला खुपते. साठ-सत्तर वर्षं वाढलेलं झाड कापायचं आणि त्याचं पिंप बर्बनसाठी एकदाच वापरायचं. आपल्याकडे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना बजावलं आहे, की आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, तेव्हा जुलमानं तोडू नका. झाडाच्या आयुष्याचा हिशेब ठेवणारं असं राज्यशास्त्र दुर्मीळच. समाधान एवढंच, की रिकामी झालेली पिंपं फुकट जात नाहीत. ती जहाजात चढतात आणि स्कॉटलंडला, आयर्लंडला जातात. काही आपल्या गोव्यातही उतरतात.

दक्षिण गोव्यातलं कुंकळ्ळी आपण ओळखतो ते पोर्तुगीजांविरुद्धच्या १५८३ च्या उठावानं. याच कुंकळ्ळीत पॉल जॉन या सिंगल माल्टची भट्टी आहे. बार्ली भारतातली, पिंपं अमेरिकेतून बर्बन पिऊन आलेली. २०१२ साली ही व्हिस्की प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीला गेली. गोव्याची स्वतःची काजूफेणी पारदर्शकच राहिली, तिला लाकडाची गरज कधी पडली नाही. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्या मूळ रूपासाठी. त्याच मातीत आता परक्या लाकडातली दारू मुरते आहे, आणि ती स्कॉटलंडपेक्षा कितीतरी लवकर मुरते.

यात कोकणच्या हवेचा हात आहे. लाकूड श्वास घेतं, आतली वाफ बाहेर जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के दारू अशी उडते. तिकडे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात तो वाटा ८ टक्क्यांच्या घरात जातो. हिशेब मांडून पाहिला: २०० लिटर भरलेल्या पिंपात स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनी १५७ लिटरच्या आसपास उरतील, कुंकळ्ळीत ५ वर्षांतच १३२.

मला देवदूतांपेक्षा हे खळ्यावरचं बलुतं वाटतं. सुतार, लोहार, चांभार वर्षभर राबायचे आणि रास घरात जाण्याआधी आपला वाटा उचलायचे. ती भीक नव्हती, कामाचं मोल होतं. पिंपातही तसंच. जेवढी वाफ जाते तेवढी हवा आत येते आणि हवेतला प्राणवायू दारूचा उग्रपणा मोडत बसतो. वाटा द्यायचा नाही म्हणून तीच दारू काचेत बंद केली तर काही उडणार नाही आणि काही बदलणारही नाही. त्या उडालेल्या मद्यार्कावर जगणारी एक काळी बुरशीही असते. केंटकीतल्या गोदामांच्या भिंती आणि भोवतीची झाडं तिनं काजळल्यासारखी होतात.

हवा काम भराभर करते, तसं ते बिघडवतेही भराभर. उष्ण मुलखात दारू पिंपात फार काळ राहिली तर लाकूड तिच्या डोक्यावर बसतं, तोंडात कडवट तुरटपणाच उरतो. म्हणून तिथं चाखत राहणारा माणूस लागतो, नेमक्या दिवशी बूच काढणारा. तांदळाचंही असंच. इंद्रायणी हे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचं लेकरू, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेलं. आईचा वास तिनं घेतला, पण तो वास टिकाऊ नाही. ठेवत गेलं की भात मोकळा होतो आणि सुगंध विरत जातो. गुंजवण्यात म्हणूनच सगळं जुनं करत नाहीत. नवं थोडं सणासाठी, वासासाठी. एक पावसाळा कणगीत काढलेलं रोजच्या ताटासाठी.

"आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत" असं आपली वडीलधारी माणसं म्हणतात. व्हिस्कीच्या बाटलीवर १२, १८ असे आकडे छापतात आणि घेणारा मोठ्या आकड्याला जास्त पैसे मोजतो. कुंकळ्ळीची सहा वर्षं आणि स्कॉटलंडची सहा वर्षं एका मापानं मोजायची, हे मला पटत नाही. वाण्याकडच्या पोत्यावर तर नुसतं 'जुना' असतं. तो कुठल्या गोदामात जुना झाला, टरफलात की सडून, हे वाण्यालाही ठाऊक नसतं. माझ्या हाती असतं तर बाटलीवर लिहायला लावलं असतं: कुंकळ्ळी, बर्बनचं पिंप, सहा पावसाळे. आणि पोत्यावर: इंद्रायणी, गुंजवणे, कणगीत, एक पावसाळा.