नववी मात्रा

भातखंडे लिपीत त्रिताल लिहिला की सोळा मात्रा एका ओळीत येतात. समेखाली फुली, नवव्या मात्रेखाली शून्य. ही ओळ आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. ओळ संपली की मुलेही थांबत. सोळावा धा पुन्हा समेच्या धाकडे वळतो, हे फळ्यावर दिसतच नव्हते.

अखेर पाचवीच्या मुलांना अंगणात नेले आणि खडूने वर्तुळ आखले. सोळा मुले, सोळा मात्रा. प्रत्येकाने आपला बोल म्हणायचा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवरच्यांनी टाळीही द्यायची. लय पळू लागली की दोष कुणा एकावर ढकलता येईना, शेजाऱ्याला सावरून घ्यावे लागे.

नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, आम्ही मुद्दाम एका बेसूर मुलाला उभे केले होते. खरे तर बालपणी प्रार्थनेत आम्हांलाही नुसते ओठ हलवायला सांगितले गेले होते. तरीही हे केले.

“बाई, मी टाळी द्यायचीच नाही का?” त्याने विचारले.

खालीला हात उघडायचा असतो, तिथून सम आठ मात्रांवर असते, असे आम्ही दाखवले. मग उरलेले पंधरा जण त्याच्या तळहातावर डोळे ठेवून समेची वाट पाहू लागले. पेटी त्या दिवशी उघडायची राहूनच गेली.