बाटलीतला पीएच

"सर, तुमच्या येडशीचं पाणीच वाईट." दुकानदाराचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. माझ्या काचेच्या टाकीत येडशीचं पाणी होतंच कुठे? होतं ते आरओच्या जारचं, आणि ते त्यानंच घालायला लावलं होतं. बोअरच्या पाण्यानं कळशीला पांढरा थर धरतो, निऑन टेट्रा पडले अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातले, म्हणून जारचं.

काही महिने मासे मजेत होते. मग खाईनात, तळाशी बसायला लागले. किटचे थेंब टाकले तर पाणी पिवळं, म्हणजे पीएच ६ किंवा त्याखाली. दुकानदारानं पीएच वाढवायच्या औषधाची एक बाटली दिली. "टोपणभर टाका, तासाभरात ७ च्या वर जातो." गेला. आणि संध्याकाळपर्यंत एकेक निऑन धापा टाकत मेला.

हा ज्याचा धंदा आहे त्याला हे ठाऊक असायलाच हवं. माशांच्या अमोनियाचं बॅक्टेरिया नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि ते जिरवायला पाण्यात बायकार्बोनेट लागतं. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. जारच्या पाण्यात ती जवळपास नसतेच. पीएच घसरतो, बॅक्टेरिया मंदावतात, अमोनिया साचतो. मात्र आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. पीएच एकानं वर गेला की विषारी अमोनिया साधारण दसपट होतो. म्हणजे मासे आजारी होते ते आम्लानं, मेले ते औषधानं. आधी तसल्याच मऊ पाण्यानं थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया उतरवायचा, पीएचला हात नंतर लावायचा, एवढं सांगायला त्याचं काय गेलं असतं?

आणि अंगणातल्या सिमेंटच्या हौदात पत्र्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी. तेही मऊच. त्यात डासांसाठी आरोग्य खात्याकडून आणलेले गप्पी मासे वर्षानुवर्षं पिलं देतायत! सिमेंटातला चुना पाण्यात उतरत राहतो, तोच पाणी सांभाळतो.

आता मी जारच्या तीन बादल्यांना बोअरची एक मिसळतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवलाय. पाणी आम्लाकडे झुकलं की तो आपसूक विरघळतो. पीएचचं किट घेता, तसं केएचचंही, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजणारं, घ्या. केएच ३-४ अंश टिकला तर पीएच एकाएकी कोसळत नाही.

आमच्या येडशी स्टेशनावरून २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात मिरजेचं पाणी रेल्वेनं लातूरला गेलं. अशा मुलखात माशांसाठी आरओचं पाणी ही चैनच, तो प्लांट बरंच पाणी नाल्यात सोडतो. म्हणून यापुढे फक्त गप्पी, असं ठरवलं होतं. पण निऑन पुन्हा आणलेत, सोलापूरहून, दुसऱ्या दुकानातून. टाकीतून काढलेलं पाणी कढीपत्त्याला घालतो.