काटा आणि कान

मळणीयंत्राला ट्रॅक्टरच्या पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे लागतात. कमी पडले तर शेंगा तशाच राहतात, जास्त झाले तर दाणा फुटतो. यंदा सोयाबीनच्या सुगीत आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा आरपीएमचा काटा थरथरू लागला. मिस्त्री म्हणाले, "डिझेल पंप उतरवावा लागेल." म्हणजे हजारोंचा खर्च! शाळेची पायरी न चढलेले माझे वडील कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आवाज एकसारखा हाय. काटाच लबाड हाय." त्यांनी मीटरची केबल सोडली. आतली तार पिंजलेली निघाली. इंजिन ही तार फिरवते, तार मीटरमधले चुंबक फिरवते, तेव्हा काटा हलतो. तार अडखळली की काटाही अडखळतो. कॉलेजात आम्ही आकडे वाचायला शिकतो. आकडा कोणत्या तारेने आला, हे विचारणेही शिक्षणच नव्हे काय?